वजन नॉर्मल पण रिपोर्टवर लाल अक्षरं - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आजवर वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय.

वय ४१, उंची १७० सेमी, वजन ६८ किलो, दिवसभर खुर्चीत बसून काम, व्यायाम शून्य, आईला शुगर आहे. कंपनीने चेकअपचं पॅकेज दिलं म्हणून मी आणि बायको दोघांनी रक्त दिलं आणि जे पीडीएफ आलंय ते लग्नाच्या अल्बमएवढं जाड. माझं असं आहे: फास्टिंग शुगर १०४, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ५.९, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीओटी ४०, एसजीपीटी ५८, प्लेटलेट २ लाख ४० हजार, बीपी १२४/८०. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर (दारूला हात लावत नाही!). आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३.५, त्यापुढे हिरव्या अक्षरात "नॉर्मल". तिथले डॉक्टर म्हणाले तेलकट कमी करा, की लगेच पुढचा नंबर.

हे सगळे सुटे सुटे प्रॉब्लेम आहेत का एकच काहीतरी आहे? वजन कमी करायचं तरी कुठून, हातपाय काड्या आहेत माझे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद
मी एमडी मेडिसिन, पण पेशंट समोर नसताना निदान करत नाही, दिशा तेवढी सांगतो. सगळं लिहिलंत पण कंबर नाही लिहिली. पँटचा नंबर नको. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका, मग आकडा सांगा.

आणि तो हिरवा "नॉर्मल" म्हणजे २४.९ पर्यंतचा जागतिक तक्ता आहे. आपल्या लोकांसाठी २३ पासूनच जास्त वजन धरतात.

धागाकर्ता
मोजली. ९४ सेमी. पँट ३४ची, पोटाच्या खाली बसते ती, त्यामुळे कळलंच नव्हतं.

प्रतिसाद (वरचेच एमडी)
वाटलंच. भारतीय पुरुषाला ९० ही मर्यादा, बाईला ८०. आता मोजा: कंबर ९० च्या वर, ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल ४० च्या खाली, फास्टिंग १०० च्या वर. पाचवा निकष बीपी १३०/८५, तेवढं तुमचं ठीक आहे. पाचातले तीन असले तरी मेटाबॉलिक सिंड्रोम (शुगर आणि हार्टचा धोका वाढवणारा लक्षणांचा गट) म्हणतात, तुमचे चार आहेत. म्हणजे सुटे नाहीत, एकाच झाडाच्या फांद्या, मूळ पोटातली चरबी. फॅटी लिव्हरही त्यातलंच, त्याला दारू लागत नाही.

चेन्नईवाल्यांचा भारतीय डायबेटिस रिस्क स्कोअर आहे, त्यात वय २०, कंबर १०, व्यायाम नाही ३०, आईला शुगर १०, एकूण ७०. साठ किंवा जास्त म्हणजे हाय रिस्क. लिव्हरचं मात्र घाबरू नका, वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट घालून फिब-४ नावाचा लिव्हरचा स्कोअर काढला तर ०.९ च्या आसपास येतोय, १.३ च्या खाली असला की लिव्हर कडक व्हायला लागल्याची शक्यता कमी.

प्रतिसाद
काड्या हातपाय आणि पोट यावर आपल्या पुण्यातच काम झालंय की! केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि युडकिनांच्या ९.१. २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या फोटोसकट आलं होतं.
बाकी फास्टिंग इन्सुलिन करून घ्या, खरं चित्र त्यातच कळतं.

प्रतिसाद (एमडी)
इन्सुलिनवर असहमत. लॅबगणिक आकडा बदलतो आणि आला तरी सल्ला तोच राहणार, उगाच खर्च. त्यापेक्षा फिजिशियनला भेटा, हार्टची रिस्क काढून घ्या, शुगर आणि लिपिड (कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड) तीन-चार महिन्यांनी परत. तेलापेक्षा साखरेचे चहा, बिस्किटं, मैदा आणि ताटातला भाताचा डोंगर यांना आधी कात्री लावा, ट्रायग्लिसराइड त्यानेच वाढतात जास्त. जेवणात डाळ, उसळ, अंडी वाढवा. तीन-चार किलो कमी झाले तरी लिव्हरला फरक पडतो. नुसतं चालू नका, आठवड्यातून दोनदा वजनं उचला, स्नायू नाहीत हाच तुमचा अर्धा प्रॉब्लेम आहे.

धागाकर्ता
खूप आभार! बायकोचं पण विचारून घेतो, तिचं एचबीए१सी ६.१ आलंय म्हणून तिने कालपासून भात सोडलाय, पण फास्टिंग ८८ आहे. हिमोग्लोबिन ९.६.

प्रतिसाद (एमडी)
आधी त्यांना जेवू द्या. हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणजे लोह कमी असू शकतं, आणि लोह कमी असलं की एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा, डॉक्टरांना विचारून लोह भरून काढा, आणि शुगरचं खरं-खोटं करायला ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती टेस्ट करा. कंबर त्यांचीही मोजा, ८० लक्षात ठेवून.