समोच्च रेषांवरून घळ आणि सोंड ओळखायला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. नववीच्या मुलांना भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा शिकवतेय. २ सेंमी म्हणजे १ किमी, दिशा, सांकेतिक खुणा हे सगळं पोरांनी पटकन उचललं. अडतंय ते समोच्च रेषांपाशी, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांपाशी. घळ असो वा डोंगराची सोंड (डोंगरातून पुढे आलेला उतरता भाग), रेषा व्ही आकारातच वळतात. टोक चढाकडे असेल तर घळ, उताराकडे असेल तर सोंड, हे सगळ्यांना पाठ आहे. पण चढ कुठल्या बाजूला हेच कळत नाही. उंचीचे आकडे कुणी बघतच नाही! शाडूचा डोंगर करून टबात थोडं थोडं पाणी वाढवत प्रत्येक पातळीला काठ आखावा म्हणते. कुणी वर्गात केलंय का? ओली शाडू टिकेल, की थर्माकोल बरा?