मदत हवी आहे: औषधी बागेच्या पाट्यांवर अल्कलॉइडचा रासायनिक गट कोणता लिहावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या महाविद्यालयाची (तळकोकण) छोटी औषधी बाग आहे. पाऊस संपला की झाडांना नव्या पाट्या लागणार आहेत आणि मजकुराचं काम माझ्या गळ्यात पडलंय. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, मुख्य अल्कलॉइड (झाडातलं नायट्रोजनयुक्त, सहसा आम्लारीधर्मी रसायन), त्याचा रासायनिक गट आणि औषधी उपयोग, एवढंच पाटीवर हवं आहे. पाट्या पत्र्याच्या आहेत, एकदा रंगवल्या की काही वर्षं तरी बदलणार नाहीत. म्हणून आधीच विचारून घेतो.

सोप्या झाडांचा मजकूर भरून झाला. धोतऱ्यात हायोसायमिन-अ‍ॅट्रोपिन, गट ट्रोपेन. अडुळशात व्हॅसिसिन, गट क्विनाझोलिन. सर्पगंधेत रिसर्पिन, काजऱ्यात स्ट्रिक्निन, दोन्ही इंडोल. दारुहळदीत बर्बेरिन, आयसोक्विनोलिन. इथवर सगळी पुस्तकं एकमुखाने बोलतात.

घोळ नरक्यापासून सुरू होतो. त्यातलं कॅम्पटोथेसिन एका पुस्तकात क्विनोलिन गटात आहे, दुसऱ्यात इंडोल गटात. कळलावीतलं कोल्चिसिन कुठे ट्रोपोलोन म्हणून, कुठे आयसोक्विनोलिन म्हणून, तर कुठे 'प्रोटोअल्कलॉइड' म्हणून दिलंय. पांढऱ्या कुड्यातल्या कोनेसिनला तर 'स्यूडो' म्हटलंय, म्हणजे खरं अल्कलॉइडच नाही असं समजायचं का? मग पाटीवर लिहावं की नाही?

शिवाय प्रात्यक्षिकात मुलांनी एक शंका काढली. धोतऱ्याच्या बियांच्या आम्लातल्या अर्कात ड्रॅगेनडॉर्फच्या अभिकर्मकाचे (अल्कलॉइड ओळखायचं रसायन) दोन थेंब टाकल्याबरोबर नारिंगी-विटकरी साका बसतो. पण चहापत्तीतून काढलेल्या कॅफीनच्या द्रावणात मेयरचं (तशाच कामाचं) अभिकर्मक घातलं तर काहीच होत नाही. "सर, मग कॅफीन अल्कलॉइड कसं?" याला मुलांना पटेल असं उत्तर हवंय.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे. गुगलून झालंय, त्यानेच जास्त गोंधळ झाला.

प्रतिसाद: खल_बत्ता

तुमची पुस्तकं चुकलेली नाहीत, ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. एक म्हणतं, रेणूत आज कोणतं वलय दिसतं ते बघा. दुसरं म्हणतं, झाडाने तो कशापासून बनवला ते बघा. बहुतेक वेळा दोन्ही उत्तरं जुळतात, म्हणून धोतऱ्याला अडलं नाही.

नरक्याचं प्रकरण मात्र झकास आहे. सुरुवात होते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. त्याचं ट्रिप्टामिन होतं, त्याला सेकोलोगॅनिन नावाचा टर्पीनचा तुकडा जोडला जातो. सर्पगंधा, सदाफुली, काजरा, सगळ्यांची हीच वाट. पण पुढे कॅम्पटोथेसिन बनताना इंडोलचं पाच अणूंचं वलय उघडून सहाचं होतं आणि क्विनोलिन तयार होतं. म्हणजे घराणं इंडोलचं, रूप क्विनोलिनचं. सिंकोनातल्या क्विनीनचंही तसंच, फक्त ते वर्षानुवर्षं क्विनोलिनखाली शिकवलं गेल्यामुळे कुणाला खटकत नाही.

कोल्चिसिनमध्ये नायट्रोजन वलयात नाहीच, बाजूला अमाइड म्हणून लटकलेला आहे. त्यामुळे ते आम्लारीधर्मीही जवळजवळ नाही. कडक व्याख्या लावणारे म्हणून त्याला प्रोटोअल्कलॉइड म्हणतात. पण झाडात ते फिनिलअ‍ॅलनिन आणि टायरोसिन या अमिनो आम्लांपासून, मधे एका आयसोक्विनोलिन टप्प्यावरून बनतं. वलय मोडतं आणि नायट्रोजन बाहेर राहतो. तुमची तिन्ही पुस्तकं बरोबर.

'स्यूडो'ला घाबरू नका. कोनेसिनचा सांगाडा अमिनो आम्लातून न येता स्टेरॉइडचा येतो आणि नायट्रोजन मागाहून बसतो, एवढाच अर्थ. पाटीवर 'स्टेरॉइडी अल्कलॉइड' लिहा. कॅफीनही स्यूडोच, ते प्युरिनांपासून होतं आणि आम्लारीधर्म इतका क्षीण की मेयरला दाद देत नाही. त्याच्यासाठी म्युरेक्साइड चाचणी करा: पोटॅशियम क्लोरेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून बशीत आटवा, उरलेल्याला अमोनियाची वाफ द्या, जांभळा रंग येतो. मुलं खूश होतील. उलट बाजूही सांगा, ड्रॅगेनडॉर्फ प्रथिनांनाही कधी कधी साका देतं. साका म्हणजे पुरावा नव्हे.

माझं मत विचाराल तर सगळ्या बागेला एकच निकष लावा आणि तो उगमाचा लावा. वनस्पतीशास्त्राच्या बागेत झाड काय करतं ते महत्त्वाचं.

प्रतिसाद: रानवाट

वाचनखूण साठवली. नरक्याच्या पाटीवर एक ओळ आमच्याकडून: हे झाड याच रसायनापायी पश्चिम घाटात बेसुमार तोडलं गेलं. कॅम्पटोथेसिन प्रथम मिळालं चिनी झाडातून, अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये जाहीर केलं. आपल्या नरक्यात ते आहे हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत सिबा या औषध कंपनीच्या गोरेगावच्या संशोधन केंद्राचे संचालक होते. त्यानंतर मागणी वाढत गेली आणि कुऱ्हाडी निघाल्या.

अवांतर: कुड्याच्या पाटीजवळ झाड नक्की पांढऱ्या कुड्याचंच आहे ना? काळा कुडा वेगळ्या प्रजातीचा, आणि साल विकणारे दोन्ही एकत्र करतात.

प्रतिसाद: उगाच_शंका

आमच्या शेजारच्या काकू साखरेसाठी रोज सकाळी सदाफुलीची पानं चावतात. त्यात कर्करोगाचं औषध असतं म्हणतात. मग चालेल का हो?

प्रतिसाद: वॉर्डातून

उगाच_शंका, काकूंना थांबवा आणि त्यांच्या डॉक्टरांना सांगायला लावा.

गंमत म्हणजे सदाफुलीचं संशोधन मधुमेहापासूनच सुरू झालं. कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकाहून ही पानं आली होती, तिकडेही लोक साखरेसाठी काढा घेत. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातूनच नोबल आणि बीअर यांना १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती लागलं. म्हणजे साखरेवरचा गुण दिसला नाही, अस्थिमज्जेवरचा (हाडांतल्या, रक्तपेशी बनवणाऱ्या) मारा दिसला. औषध म्हणून ते एक ग्रॅमभर मिळवायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात आणि रुग्णाला ते फक्त शिरेतून, मोजून देतात. व्हिनक्रिस्टिनचा रेणू तर अगदी सख्खा भाऊ, एका मिथिलच्या जागी फॉर्मिल, बाकी सगळं तेच. तरी व्हिनब्लास्टिन अस्थिमज्जेला जास्त त्रास देतं आणि व्हिनक्रिस्टिन नसांना, बोटांना मुंग्या येतात. एवढ्याशा फरकाने एवढं बदलत असेल तर पानातल्या मिश्रणाचा हिशोब कोण ठेवणार?

धागाकर्त्यांना विनंती: 'औषधी उपयोग' हा रकाना काढा. त्याजागी 'शरीरात काय करतं' लिहा. काजऱ्याचं स्ट्रिक्निन मज्जारज्जूतल्या ग्लायसिन या संदेशवाहक रसायनाचा लगाम काढून टाकतं आणि झटके येतात. आधुनिक वैद्यकात त्याला जागा नाही. आयुर्वेदात कुचला (म्हणजे काजराच) शोधनाशिवाय, म्हणजे शुद्धीच्या प्रक्रियेशिवाय, वापरत नाहीत, तेही लिहा. धोतऱ्याचं अ‍ॅट्रोपिन अ‍ॅसिटिलकोलिन या नसांच्या संदेशवाहक रसायनाला अडवतं. फवारणीच्या ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत आम्ही तेच टोचतो, छातीतली घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या की पुरे, असं नव्या पोरांना वाटतं, ते चुकीचं. पण त्याच धोतऱ्याच्या बिया खाऊन बरळत आलेली मुलंही आमच्याकडेच येतात.

प्रतिसाद: (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उगमाचा निकष मान्य. विभागप्रमुखांना रकाना बदलायचं सांगितलं, ते म्हणाले 'उपयोग' नसला तर लोक पाटी वाचणार नाहीत. म्हणून मधला मार्ग काढलाय. शुद्ध केलेलं औषध जिथे वापरात आहे तिथेच नाव द्यायचं आणि 'पानं-मुळं घरी वापरू नयेत' ही ओळ सगळीकडे लाल रंगात.

नरक्याची पाटी अशी केली आहे: "कॅम्पटोथेसिन. गट: मोनोटर्पीन इंडोल (वलय क्विनोलिनचं). पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ ला अडकवून ठेवतं. यापासून टोपोटेकान व इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं तयार झाली. झाड तोडू नये."

सर्पगंधेवर मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचं नाव घालावं म्हणतो. त्यांनी रक्तदाबावरचा गुण १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, आणि रिसर्पिन वेगळं काढलं गेलं ते १९५२ मध्ये. जागा पुरेल का बघतो.

प्रतिसाद: खल_बत्ता

घालाच. अडुळशाची जागा कमी करा, व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन सुचलं एवढं पुरे. आणि तिथे लाल ओळीत 'गरोदरपणी नको' वाढवा, गर्भाशय आकुंचन पावतं त्याने.

कळलावीची पाटी कुंपणाच्या आत लावा. फुलं बघून लोक कंद उपटून नेतात.