कॅसेटी, पेनड्राइव्ह आणि बाबांचा राग

पोहेजलेबी (इंदूर):
मंडळी एक विचारायचं होतं. बाबांची कॅसेटींची पेटी आहे घरी, अमीर खाँ साहेब, कुमारजी, नाट्यगीतं, बरंच काही, आणि डेक पडलाय बंद. परवा एका दुकानात विचारलं तर तो म्हणे कॅसेट कुठं कॉपी करत बसता, २००० गाणी पेनड्राइव्हमध्ये टाकून देतो, ३०० द्या. घेणारच होतो पण बाबा भडकले, चोरीचं गाणं घरात नको म्हणे, तुमच्यासारख्यांमुळेच कंपन्या बुडाल्या. खरंच कॉपीमुळे बुडाल्या का? आणि पेटीतल्या निम्म्या कॅसेटी तर त्यांनीच मित्रांकडून भरून आणल्यात हाहा

कॅसेटकाका:
भिया, राजवाड्याजवळ आमचं कॅसेटचं दुकान होतं त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी बघितलंय. तबकडीच्या काळात एचएमव्हीचं राज्य, भाव ते ठरवणार आणि गिऱ्हाईकानं गप घ्यायचं. ८० च्या दशकात कॅसेटी आल्या आणि गुलशन कुमारच्या टी-सीरीजनं भाव असा पाडला की पानवाल्याकडेसुद्धा कॅसेटी लटकायला लागल्या. जुनी गाणी नव्या गळ्यातून गाऊन घ्यायची, म्हणजे रफीसाहेबांचं गाणं सोनू निगमच्या आवाजात, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तशी सोयच होती. आम्ही नाकं मुरडायचो आणि विकायचो तेच, कारण खपायचं तेच. मग आली एमपीथ्री सीडी, फुटपाथवर एकीत दीडशे गाणी, आणि कंपनीच्या महागड्या सीडीत आठ. गिऱ्हाईक वेडं थोडंच आहे? आम्ही शेवटी मोबाइल रिचार्जवर आलो.

रागमाला (ग्वाल्हेर):
काका, भावाचं पटलं पण तेवढंच नाही. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, म्हणजे नेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायची सोय, तेव्हा अमेरिकेत एका गाण्यासाठी बहुतेक वेळा अख्खा अल्बम घ्यावा लागायचा, लोक वैतागलेलेच होते. २००३ मध्ये ॲपलनं ९९ सेंटला सुटं गाणं ठेवलं तर घेतलंच की लोकांनी. तरी जगभरची रेकॉर्डिंगची कमाई पुढं दहाएक वर्षं घसरतच राहिली, सावरली ती स्ट्रीमिंगमुळे. आपल्याकडची गंमत तर अजून भारी, ज्यानं जन्मात सीडी विकत घेतली नाही तो महिन्याला ३० रुपये कॉलरट्यूनला द्यायचा, जी त्याला स्वतःला ऐकूसुद्धा येत नाही! आणि २०१७ मध्ये सारेगामानं (म्हणजे आपलं जुनं एचएमव्हीच) कॅरवां काढला, रेडिओसारखा डबा, आत ५००० जुनी गाणी, किंमत ६००० च्या आसपास. तीच गाणी नेटवर फुकट पडलेली असताना लोकांनी आईबाबांना हौसेनं घेऊन दिला, कारण बटण फिरवलं की लताबाई सुरू, नातवाला हाका मारायला नकोत. विकत घेणं कॉपी करण्यापेक्षा सोपं केलं की लोक पैसे देतात, कंपन्यांना हे कळायलाच उशीर झाला.

ऐरागैरा:
देतात हो ताई, पण पोचतात कुणाला? आमच्या ओळखीतले एक तबलजी, कॅसेटवर नाव छापलेलं आहे, मिळालं काय तर एकदाच पाकीट, घर चालतं शिकवण्यांवर. लताबाईंनी गायकांसाठी साठच्या दशकात रॉयल्टी मागितली तर रफीसाहेबांशीच बिनसलं. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात नीट पक्का व्हायला २०१२ उजाडलं. कंपन्या रडल्या की मला काही फार कळवळा येत नाही.

पोहेजलेबी:
हे सगळं ठीक, पण पेटीचं काय करू? एखादं ॲप घेऊन देऊ का बाबांना?

कॅसेटकाका:
घ्या, पण त्याच्या भरवशावर पेटी भंगारात देऊ नका, विंक नावाचं गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये बंदच झालं ना. डेकचा बहुतेक बेल्ट गेला असेल, बदलून घ्या, हेड स्पिरिटनं पुसा, वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घ्यायची खाच) लावून ऑडॅसिटी नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. तासाच्या कॅसेटला तास जाणारच, घाई चालत नाही. स्वतःच्या ऐकण्यापुरतं केलं तर कायदा आडवा येत नाही, त्या दुकानदारासारखं विकलं तर येतो. आणि सुरुवात बाबांनी भरून आणलेल्यांपासून करा, त्यात कुणाच्या घरच्या मैफिली असतील तर त्या कुठल्याच कंपनीनं काढलेल्या नाहीत.