पावसाळ्यात एसी झाकून ठेवायचा की ड्राय मोडवर (हवेतली ओल काढायची सेटिंग) चालवायचा?

रंकाळाकाठ: मृग लागला की एसीवर चादर, ती दसऱ्यालाच निघते. मला ही पद्धतच चुकीची वाटते. एसी शेवटचा बंद होतो तेव्हा कॉइल (हवा गार करणारी आतली नळ्यांची जाळी) ओली असते, ब्लोअरच्या (आतल्या पंख्याच्या) पात्यांवर धूळ असते आणि वरून कापड. बुरशीला आणखी काय लागतं? रोज तासभर ड्राय मोड, मग वीस मिनिटं एसीचा नुसता पंखा. आर्द्रतामापक शेतीच्या नाही, खोलीच्या कामाचा घ्या आणि आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवा.

पेठेतला गिलावा: मुळीच पटलं नाही. आषाढात खोली आधीच २४-२५ अंशांवर असते. तिथं कॉम्प्रेसर दोन मिनिटं चालतो आणि झोपतो. पाणी काढणार कधी? त्यावर पंखा लावला की कॉइलवरचं पाणी वाफ होऊन परत खोलीतच. बिल तेवढं वाढलं.

रंकाळाकाठ: कॉइलला चिकटलेलं तेवढंच परत जातं, कॉइलखालच्या ट्रेतलं पाइपानं बाहेर गेलेलं असतं. पाइपाला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार असेल तर. टोक बादलीत बुडालं असेल तर ट्रे तुंबणारच, तो दोष मोडचा नव्हे.

पेठेतला गिलावा: आणि भिंतीच्या भोकाचं काय? तांब्याची नळी जाते ते भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं आणि पुट्टीनं बुजवलेलं हवं. इथं पावसाची झड त्याच भिंतीवर आदळते. भोक उघडं राहिलं की पाणी नळीवरून घसरत आत येतं, भिंतीवरच्या लांबीचे (पुट्टीच्या थराचे) पोपडे सुटतात आणि दोष एसीच्या माथी. आधी हे बघा, मग मोडवर भांडू.

कॉइलवाला: भावांनो, दोघांचंही अर्धं बरोबर. मोठी चूक टनाची, म्हणजे एसीच्या गार करायच्या ताकदीची आहे. शंभर चौरस फुटांच्या खोलीत दीड टन बसवला की हवा पटकन गार होते, सेट केलेला आकडा गाठला की मशीन थांबतं, ओल तशीच. आणि १८ वर लावणाऱ्यांनी शेजारच्या खोलीची भिंत हाताळून बघावी. बाहेर २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर सव्वातेवीसच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. म्हणजे एसी एका खोलीत, बुरशी पलीकडच्या कपाटामागं. २४-२५ वर ठेवा.

कॉइलवाला: आता सफाई. फिल्टर दर पंधरवड्याला नळाखाली. ब्लोअरच्या पात्यांत काळे ठिपके दिसले तर वरून फवारा मारून उपयोग नाही, पिशवी लावून नीट धुवावा लागतो, आधी मेन स्विच बंद. ब्लीच कॉइलवर ओतू नका, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या खाऊन टाकतं. अ‍ॅसिडात तर मुळीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

पेठेतला गिलावा: टनाचं मान्य. पण ओल काढायचीच असेल तर डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं वेगळं यंत्र) का नको? तीनशे-चारशे वॅटमध्ये काम होतं, खोली गार करावी लागत नाही.

रंकाळाकाठ: होतं, पण तो खोली गरम करतो आणि बादली रोज रिकामी करावी लागते. भिंतीतून पाणी येत असेल तर तोही हातच टेकेल.

कॉइलवाला: मग तेच आधी ठरवा. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपनं चिकटवा, दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय: गिलावा, भोक, गच्ची बघा. खोलीकडच्या बाजूला ओलं झालं तर हवेचं पाणी आहे, तेव्हा मोडचं भांडण पुढं चालू द्या. दोन्हीकडं ओलं निघालं तर आधी गिलावावाल्याचं ऐका.

पेठेतला गिलावा: तुकडा ट्रेच्या खालीच लावा म्हणजे झालं. पाऊस थांबल्यावर नव्हे, झड सुरू असताना.