विषय: लेकीला नीदोत घालू की आईला बोलावून घेऊ?

प्रेषक: चिऊची आई, मोदेना
१२ मार्च

इटलीतल्या मराठी मंडळी, नमस्कार.

पाडव्याच्या श्रीखंडाची चर्चा चालू असताना मध्येच घुसते आहे, रागावू नका. चिऊला नववा महिना संपत आला. सप्टेंबरपासून मला कामावर हजर व्हायचं आहे आणि इथे नगरपालिकेच्या नीदोचे, म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघराचे, अर्ज आता भरायचे आहेत. सासूबाई फोनवर म्हणतात, "एवढ्याशा पोरीला पाळणाघरात?" आई सांगलीहून यायला एका पायावर तयार आहे. तिचे गुडघे मात्र तयार नाहीत, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

खालच्या मजल्यावरच्या नोन्नानं (इटालियन आजीनं) तीन नातवंडं वाढवली आहेत. नीदोचं नाव काढलं की ती चिऊच्या गालाला हात लावून "पोवेरीना" म्हणते, म्हणजे बिच्चारी. मानेला वारा लागला की पोर आजारी पडतं, याबाबतीत ती आणि माझ्या सासूबाई सख्ख्या बहिणी शोभतील.

कुणाची मुलं नीदोत गेली आहेत? जवळपास चांगलं मॉन्टेसरी आहे का?

---

प्रेषक: सोनूचा बाबा, तोरीनो
१२ मार्च

> जवळपास चांगलं मॉन्टेसरी आहे का?

वहिनी, हा प्रश्न आपण सगळेच इथे येऊन विचारतो. पुण्यात गल्लीगणिक मॉन्टेसरी, आणि ज्या मारिया मॉन्टेसरीनं पहिलं 'बालकांचं घर' १९०७ साली रोममध्ये, सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीत उघडलं, तिच्या देशात मॉन्टेसरी शोधावी लागते. १९३४ मध्ये मुसोलिनीशी बिनसल्यावर बाई इटलीतून बाहेर पडल्या, पुढे १९३९ ते १९४६ भारतात होत्या. ताराबाई मोडकांनी तर त्याआधीच ती पद्धत आपल्या मातीत रुजवायला घेतली होती. त्यामुळे आपल्याकडे बालवर्गाचं नावच मॉन्टेसरी पडलं. इथे मात्र तीन वर्षांपर्यंत नीदो, तीन ते सहा स्कुओला देल्लीन्फान्त्सिया, म्हणजे बालशाळा. दोन्ही सक्तीचे नाहीत.

कामाचं सांगतो. दहा लसी सक्तीच्या आहेत, २०१७ च्या कायद्यानं. त्याशिवाय नीदोत प्रवेश नाही. चिऊच्या काही लसी भारतात टोचल्या असतील तर ते कार्ड आत्ताच इथल्या आरोग्य कचेरीत दाखवून नोंद करून घ्या, ऑगस्टमध्ये तिथे चिटपाखरू नसतं. फी उत्पन्नाच्या दाखल्यावर, म्हणजे 'इझे'वर ठरते, तेव्हा तो आधी काढा. इन्प्सचा, म्हणजे सरकारी विमा-पेन्शन कचेरीचा, नीदो बोनस मिळतो, पण फी आधी आपण भरायची, पावती त्यांच्या साइटवर चढवायची, मग पैसे येतात. एकही पावती टाकू नका. मी एका महिन्याची हरवली, बायको अजून काढते.

आणि आईंचा व्हिसा पर्यटकाचा असेल तर १८० दिवसांत ९० दिवस. सप्टेंबरात आल्या तर डिसेंबरात परत. मग पुढे काय?

---

प्रेषक: रेज्जोच्या काकू
१३ मार्च

चिऊच्या आई,

आधी तो 'पाळणाघर' शब्द डोक्यातून काढ. पाळणाघर म्हणजे आई कामावर जाते म्हणून पोर कुठेतरी ठेवायचं. नीदो म्हणजे घरटं. पूर्वी इथेही ती गरिबांची, नाइलाजाची सोय होती, म्हणून तुझ्या नोन्नाच्या वयाच्या बायका हळहळतात. तिच्यावर चिडू नकोस.

आमच्या रेज्जो एमिलियात मात्र उलटं झालं. युद्ध संपलं त्या १९४५ च्या वसंतात, शेजारच्या व्हिल्ला चेल्ला गावातल्या लोकांनी जर्मनांनी मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशातून शाळा बांधायला घेतली. पडक्या घरांच्या विटा त्यांनी स्वतः वेचल्या. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण मास्तर हे ऐकून सायकलवरून बघायला गेला आणि मग जन्मभर त्यातच राहिला. १९६३ मध्ये नगरपालिकेनं पहिली बालशाळा काढली, १९७१ मध्ये पहिला नीदो. १९९१ साली एका अमेरिकन साप्ताहिकानं इथल्या दियाना बालशाळेला जगातली सर्वोत्तम म्हटलं, तेव्हापासून परदेशी पाहुण्यांच्या रांगा लागतात. माझ्या मुलाला त्याचं काही नव्हतं. त्याला तिथली माती आणि चिखल आवडायचा.

आता खरी गोष्ट. पहिले काही दिवस आईनं किंवा बाबानं मुलाबरोबर आत बसायचं. याला इन्सेरिमेंतो म्हणतात. पहिल्या दिवशी तासभर. मग थोडा वेळ तू बाहेर, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. साधारण दोन आठवडे धर. त्यामुळे कामावरची पहिली तारीख सप्टेंबरच्या शेवटी घे, एक तारखेला नको.

चौथ्या दिवशी माझा मुलगा ठोकळ्यांत रमला होता. मी आपली आपल्या पद्धतीनं, त्याची नजर चुकवून दाराकडे सटकले. आपल्याकडे नाही का, "बघ बघ, चिमणी!" म्हणायचं आणि पळ काढायचा. दादानं मला बोळात गाठलं. (हो, आमच्या भागात नीदोतल्या बाईंना 'दादा' म्हणतात. माझ्या भावाला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तो पोट धरून हसला होता.) म्हणाली, सिन्योरा, परत आत जा, त्याला सांगा की मी जाते आणि जेवणानंतर येते, आणि मग जा. रडला तरी चालेल. न सांगता गेलात तर तो दिवसभर दाराकडे बघत बसेल. मी आत गेले, सांगितलं, तो किंचाळला, मी गेले. बसस्टॉपवर मी रडले ते वेगळंच.

माझी एक चूक सांगते. संध्याकाळी पालकांच्या सभा असतात, शनिवारी कधी कुंपण रंगवायचं, कधी खेळणी दुरुस्त करायची. भाषेच्या लाजेनं मी दोन वर्षं गेलेच नाही. तिसऱ्या वर्षी गेले तर मला शंभर माणसांच्या भाताला मीठ किती हे विचारलं, आणि तिथून माझं इटालियन सुरू झालं. तू पहिल्याच सभेला जा.

जेवणाचं: अर्जावर मांस नको असं लिही, बहुतेक ठिकाणी त्याला डॉक्टरचा दाखला लागत नाही. पार्मेजानो चीज मात्र प्रत्येक गोष्टीवर किसतील, खिमटावरसुद्धा.

तुझ्या आईला बोलाव. पण तिला लेकीकडे राहायला बोलाव, कामाला नको.

---

प्रेषक: ताई, नापोली
१३ मार्च

> आमच्या रेज्जो एमिलियात मात्र

काकू, राग मानू नका, पण तुमचं रेज्जो म्हणजे इटली नव्हे. १९७१ च्या कायद्यानं देशभर पाच वर्षांत ३,८०० नीदो बांधायचे ठरवलं होतं. ते झालं नाही, आणि जे झालं त्यातलं बरंचसं तुमच्या उत्तरेकडे. आमच्याकडे दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा यादीत नाव खाली. खाजगीत अर्धा पगार गेला असता. शेवटी शेजारच्या नोन्नानं सांभाळलं, पैसे घ्यायला तयार नव्हती, मी दर रविवारी पुरणपोळ्या नेऊन दिल्या. मुलगा घरात शुद्ध मराठी बोलतो आणि ट्रॅफिकमध्ये अस्सल नापोलीची बोली. ती नोन्नाची देणगी.

तीन वर्षांचा झाल्यावर सरकारी बालशाळेत जागा मिळाली. फी शून्य. पण मेन्सा, म्हणजे शाळेतलं जेवण, नाही, त्यामुळे दुपारी एकच्या आत दारात हजर. एक वाजता कोण हजर असतं? फाटकाशी उभं राहून बघा, निम्मे आजोबा असतात. या देशाचं बालसंगोपन खातं म्हणजे नोन्नो आणि नोन्ना. सरकारनं २ ऑक्टोबर हा आजी-आजोबांचा दिवस ठरवून दिला आणि आभार मानून मोकळं झालं.

आणि नीदो मिळाला तरी पहिल्या हिवाळ्यात पोर आठवडाभर जाईल नि आठवडाभर घरी बसेल. ताप आला की फोन येतो, या आणि घेऊन जा. तेव्हा तुमच्या दादा येत नाहीत. चिऊच्या आई, नोन्नाशी गोड राहा.

---

प्रेषक: रेज्जोच्या काकू
१४ मार्च

नापोलीच्या ताईंचं तापाचं शंभर टक्के खरं. माझ्या धाकटीच्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या नोन्नोनंच तारलं होतं, ते लिहायचं राहिलं. नोन्नाला पाडव्याला जेवायला बोलाव.

---

प्रेषक: चिऊची आई, मोदेना
१८ सप्टेंबर

मंडळी,

मे महिन्यात यादीत नाव लागलं. तेव्हा सगळ्यांना कळवायचं राहिलं, माफी. आई जूनमध्ये आली, ऑगस्टअखेर परत गेली. तिनं आणि खालच्या नोन्नानं एकमेकींची भाषा न कळता तीन महिने माझी निंदा केली.

आज इन्सेरिमेंतोचा सहावा दिवस. चिऊच्या खुंटीवर गोगलगाईचं चित्र आहे. तेच तिच्या टॉवेलवर, पेल्यावर आणि चपलांच्या खणावर. वाचता येत नसलं तरी आपली वस्तू ओळखावी म्हणून प्रत्येक मुलाला एक चित्र देतात. ब्रेशाजवळच्या आगात्सी बहिणींची ही शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची युक्ती, असं आमच्या दादांनी सांगितलं. (काकू, आमच्याकडेही दादाच.)

काल मी खाली बसून चिऊला नीट सांगितलं की आई जाते, पास्ता खाऊन झाला की येते. मराठीतच. तिनं ओठ काढला, रडली, माझा दुपट्टा धरला. दादांनी उचलून घेतलं. मी बाहेरच्या बोळात गेले तर बाकावर एक नोन्नो, दोन आया आणि एक बाबा ओळीनं बसलेले, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नोन्नोनं मला सरकून जागा दिली.

परत आत बोलावलं तेव्हा तिच्या कपाळावर पार्मेजानो होतं.

उद्यापासून दुपारची झोपही तिथेच. चादर घरून न्यायची आहे. छोट्या पलंगाच्या कडेला घट्ट बसेल अशी रबरवाली चादर मोदेनात कुठे मिळते, कुणी आज रात्रीपर्यंत सांगेल का?