विठोबाला ‘प्रियकर’ करू नका

चंद्रभागेकाठचा
आषाढी जवळ आली की सभागृहांत अभंगांचे कार्यक्रम सुरू होतात, आणि निवेदक मीरा, आंडाळ, जनाबाई एका दमात उरकून ‘विठ्ठल हाच त्यांचा प्रियकर’ म्हणून मोकळे होतात. मला हे खटकतं. मीरा गिरिधराला नवरा मानते, तमिळ संतकवयित्री आंडाळ श्रीरंगमच्या देवाशी लग्नच लावून घेते. तिकडची ती रीत आहे, आणि सुंदर आहे. आपला विठोबा मात्र आई आहे. नामदेव ‘पक्षिणी प्रभाते’ म्हणताना भुकेलं पिलू होतात. बाकीचे संतही ‘विठाई’ म्हणून हाका मारतात. वारीत अनोळखी माणूसही ‘माउली’च.

सगळ्यात मोठा दाखला कान्होपात्रेचा. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही मुलगी. कथा सांगते की बिदरच्या बादशहाची माणसं न्यायला आली तेव्हा ती विठोबाच्या पायाशी गेली. ‘नको देवराया’मध्ये ती स्वतःला वाघाने धरलेलं हरिणीचं पाडस म्हणते आणि हाक मारते ती ‘जननी विठाबाई’ला. जिच्या घरात शृंगार हा धंदा होता, तिलासुद्धा आईच हवी होती. मधुराभक्ती, म्हणजे देवाला प्रियकर मानणं, वारकऱ्यांची असती तर इथे दिसली नसती का?

पखवाजवाला
दादा, भजनाला कधी शेवटपर्यंत बसलात का? अभंग झाले की गौळण, म्हणजे राधा-गोपींचं पद, येतेच. आमच्या दिंडीत सत्तरीचे एक बुवा आहेत, मिशा अशा की पोरं घाबरतात. गौळण लागली की उपरण्याचा पदर डोक्यावर घेतात आणि कृष्णाने अडवलेल्या बाईसारखे मान वेळावतात. कुणीही हसत नाही. एकनाथांची राधा डोळे मोडीत चालते ती काय आईकडे?

चंद्रभागेकाठचा
गौळण म्हणजे लीलावर्णन. आपण राधेची गोष्ट गातो, आपण राधा होत नाही.

माजघर
तुकोबा होतात की! गाथेत ‘विराण्या’, म्हणजे विरहिणीची पदं, म्हणून २५ अभंगांचा गट आहे. त्यात बोलणारी बाई नवऱ्याला सोडून हरीकडे गेलेली आहे. ‘वाळो जन मज म्हणोत शिंदळी । परि हा वनमाळी न विसंबें’. शिंदळी म्हणजे बदफैली बाई. देहूचा संसारी वाणी हे बाईच्या तोंडून बोलतो. यात चांदणं नाही, मोरपीस नाही. गाव वाळीत टाकेल, तोंडावर शिवी देईल, तरी सोडणार नाही एवढंच आहे. जनाबाईचंही तेच. डोईचा पदर खांद्यावर आलाय, भरल्या बाजारात जाते म्हणते, पंढरीच्या पेठेत पाल मांडते आणि शेवटी सांगते, ‘जनी म्हणे देवा मी झाले येसवा’. येसवा म्हणजे वेश्याच. आईकडे जाणाऱ्या लेकीला अब्रू घालवावी लागत नाही हो.

तेव्हा निवेदकांवर माझाही राग आहे, पण तुमच्या उलट कारणासाठी. ते मधुराभक्ती जास्त नाही, फार गुळमट दाखवतात.

तिरकस
जनीच्या नावावरचे सगळे अभंग जनीचे कशावरून? नामदेवगाथेत घातलेली भर काही थोडी नाही.

माजघर
असेना. वारकऱ्यांनी तो अभंग जनीचा म्हणून शतकानुशतकं गायला. परंपरा कुणाची याचा वाद चाललाय, हस्ताक्षराचा नाही.

चंद्रभागेकाठचा
मग ज्ञानेश्वरीचं काय? नवव्या अध्यायात गोपी वालभाच्या ‘व्याजें’, म्हणजे प्रेमाच्या निमित्ताने, मला मिळाल्या, असं देव सांगतो, आणि लगेच पुढच्या ओवीत भयाच्या मिषाने आलेला कंस, वैराने आलेला शिशुपाल. म्हणजे गोपींचं प्रेम हे एक निमित्त. कंसाच्या पंक्तीला बसवलेल्या गोष्टीला तुम्ही परंपरेचा गाभा म्हणता?

पखवाजवाला
ज्ञानेश्वरांनी कंसाची भीती आळवणारं पद रचलं का? विराण्या मात्र रचल्या. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ म्हणत कावळ्याचा शकुन बघत कोण बसतं, मुलगा?

चंद्रभागेकाठचा
मुलगाही बसतो, आई माहेरी गेलेली असली की.

तिरकस
हे मात्र भारी. पण त्याच विराण्यांत चंदन अंगाला पोळतोय, फुलांची शेज आगीसारखी लागतेय. आईच्या आठवणीने चंदन पोळत नाही साहेब.

आणि रुक्मिणीचं काय? द्वारकेत राधेला कृष्णाच्या मांडीवर पाहिलं, रुसली आणि इथे पंढरपुराजवळ दिंडीरवनात येऊन बसली. देव समजूत काढायला मागोमाग आला, म्हणून पंढरपुरात तिचं देऊळ वेगळं. ‘माउली’चं क्षेत्र उभंच राहिलंय बायकोच्या रुसव्यावर.

माजघर
कान्होपात्रेचं उत्तर राहिलं. तुमचा तो दाखला खरोखर जोरदार आहे, फक्त मी तो वेगळा वाचते. तुकोबांकडे घर होतं, महाजनकी होती, गावात मान होता. ते ‘शिंदळी’ म्हणवून घेतात तेव्हा काहीतरी पणाला लावतात. कान्होपात्रेला ती प्रतिमा काय कामाची? बाजारात उभं करायला लोक टपलेलेच होते. तिला लपायला कूस हवी होती. विठोबा एकीला आई आणि दुसऱ्याला जार, म्हणजे चोरटा प्रियकर, होतो, ते हाक मारणारा कुठून येतो त्यावर. तुम्ही त्यातला एकच ठेवायला निघालात.

चंद्रभागेकाठचा
जार हा शब्द विठोबाला लावायला माझी जीभ आजही धजत नाही. तुकोबांनी म्हटलं, तो त्यांचा अधिकार.

पखवाजवाला
मग निवेदकांना एवढंच सांगू: प्रियकर म्हणायचं असेल तर ‘शिंदळी’चा अभंगही म्हणा.

चंद्रभागेकाठचा
म्हणणार असतील तर तिकीट काढून येतो. नाही म्हणणार ते.