मदत हवी आहे: बेदाण्याच्या बॉक्समध्ये परदेशी भाषांत आभाराचं कार्ड

नमस्कार मंडळी. तासगावला आमचं बेदाण्याचं छोटं पॅकिंग युनिट आहे. यंदा परदेशी जाणाऱ्या बॉक्समध्ये गिऱ्हाइकाच्या भाषेत आभाराचं कार्ड टाकायचंय. रशियन 'स्पासिबा' झालं. डचमध्ये मानानं 'दांक यू वेल', जवळच्याला 'दांक ये वेल', म्हणजे आपलं अहो-अरेच की! अनोळखी माणूस म्हणून मी 'यू' घेतलंय. तिकडं राहिलेल्यांनी सांगा, छापील कार्डावर हेच शोभेल ना?

खरी डोकेदुखी अरबीची. सांगलीतल्या डीटीपीवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'शुक्रन'ची अक्षरं सुटी पडतात, वर क्रमही उलटा. अरबी उजवीकडून डावीकडं, अक्षरं जोडून लिहितात. असलं कार्ड गेलं तर आभार राहिले बाजूला, हसंच व्हायचं. सांगली-मिरजेत अरबी नीट जुळवून देणारं कुणी आहे का? उर्दू लग्नपत्रिका छापणाऱ्याला विचारा असं एकजण म्हणाला, पण उर्दूचं ते तिरकं नस्तालिक वळण नको, साधं नस्ख पाहिजे. फाइल पीडीएफमध्ये मिळाली तरी चालेल, छपाई आम्ही इथं करून घेऊ. मजुरी अर्थातच देणार. माल लवकरच निघतोय, तेव्हा जरा घाई आहे.